पिरनवाडीचं घर

शहापूर, बेळगाव
९ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,

विनूचा साष्टांग नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून पत्रच लिहायला बसले. भावोजींचा खोकला कमी झाला का? तू पाठवलेली चटणी निम्मी संपली. ह्यांना सध्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

वास्तुशांत कधी, म्हणून तू सारखं विचारतेस. घर दसऱ्यालाच तयार झालं, मग अडलंय कशाला? मी म्हणाले होते, भटजी मिळेनात. भटजी मिळत होते, आक्का.

घर सुंदर झालंय. आशुतोषनं लई हौसेनं बांधलंय. सगळं एकाच मजल्यावर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून जांबोटीकडचे डोंगर दिसतात. शहापुरात आमचा जिना उभाच्या उभा, न्हाणी मागं पायऱ्या उतरून. तरी मी सगळ्यांना सांगत सुटले, मला हे घर सोडवत नाही. नागुबाई शेजारच्या खिडकीतून "चहा झाला काय गं?" विचारते, ते तिथं कोण विचारणार? आशुतोष चिडलाही. "आई, तुझ्या गुडघ्यांसाठी बांधलं आणि तूच न्हाय म्हणतीस?"

त्याला तरी काय सांगणार? ह्यांनी शपथ घातली होती.

ह्यांचे डोळे जातायत, आक्का. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती किती टिकेल ते डॉक्टरांनाही सांगता येईना. कडेचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. नवं घर पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा हे दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेऊन बसले. "घर मोठ्ठं झालंय रं, अंदाजच येईना," म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही. शहापुरात लाइट गेली तरी हे अंधारात माळ्यावरचा डबा काढून आणतात. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, इथून हलायचं नाही.

दिवाळीनंतर हे रोज सकाळी बसनं पिरनवाडीला जायला लागले. झाडांना पाणी घालतो म्हणे. परवा जेवायच्या वेळेलाही आले नाहीत, तशी मी रिक्षा करून गेले. दार उघडंच होतं.

रिकाम्या घरात हे डोळे मिटून चालत होते. शाळेत पोरांची कवायत घ्यायचे ना, त्याच आवाजात स्वतःला हुकूम सोडत होते, "उजव्या हाताला न्हाणी. सरळ चल. आता वळ. थांब, गोपाळ, ओटा आला." ओट्यावर हात टेकला आणि गालातल्या गालात हसले. परत निघाले तर खांदा कपाटाला घासला. दारापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी दारातच उभी.

डोळे उघडले तेव्हा त्यांना मी दिसले.

"कधी आलीस?"

"आत्ताच. काय चाललंय हे?"

"पाठांतर."

मला रडू फुटलं. म्हटलं, "शहापूरचं घर पाठ आहे की तुम्हाला! तिथंच राहू या. कशाला हा जाच?"

"मला पाठ आहे. तुझ्या गुडघ्यांना न्हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी न्हाणीच्या पायरीवर बसून राहिलतीस, उठता येईना तुला. तेवढं दिसतं मला अजून. उद्या तिथं पडलीस तर मी चाचपडत तुला कसा उचलू?" मग म्हणाले, "दिसतंय तोवर हे घर शिकून घेतो. मागनं लई जड जाईल गं."

आक्का, जन्मभर पोरांना पळायला शिकवलेला हा माणूस भिंतीला हात लावून चालायला शिकतोय, तेही माझ्या गुडघ्यांसाठी. कुठं कुरकूर नाही, कुणावर राग नाही. इतकी वर्षं संसार केला, ह्यांच्या चहात साखर किती ते मला ठाऊक, पण माणूस केवढा आहे ते त्या रिकाम्या घरात कळलं. मी पदरानं तोंड पुसलं, चप्पल काढली आणि त्यांच्याबरोबर डोळे मिटून चालून बघितलं. खिडकीच्या कट्ट्यावर आपटले. "कच्ची आहेस," म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच आशुतोषला सांगितलं. तो बराच वेळ बापाचा हात धरून बसला. दुसऱ्या दिवशी गवंडी आणून त्यानं न्हाणीचा उंबरा काढून टाकला, दारं सरकती करायला सांगितली. नागुबाईला मी कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, जावा. मी बसनं येतो की चहाला." मग पदर तोंडाला लावून आत गेली.

वास्तुशांत मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी. भावोजींना घेऊन आदल्या दिवशीच ये. डोळ्यांचं तू आपण होऊन काढू नकोस, सांगायचं झालं तर तेच सांगतील. फक्त फिकट काही नेसू नकोस. तुझं ते डाळिंबी इरकल नेस. आणि आल्या आल्या बायकांत कडेला जाऊन बसू नकोस. सरळ त्यांच्या समोर येऊन उभी राहा, आणि त्यांनी बघून घेईपर्यंत हलू नकोस.

वाट बघणारी,
तुझी विनू