पान चार

ताई,

दर गुरुवारी तू आम्हा अंधांसाठी पेपर वाचून रेकॉर्ड करतेस, तेही फुकट, म्हणून सगळे तुझे गोडवे गातात. गेल्या गुरुवारी मात्र म्हणालीस, "पान चार फाटलंय, पुढे जाऊ." चारवर निधनवार्ता असतात. पान उलटल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. चांगलं धडधाकट पान होतं ते!

माझा बुद्धिबळाचा जोडीदार गेल्याची बातमी होती त्यावर. शुक्रवारी अंत्यविधी, हेही छापलं होतं. आणि शुक्रवारी मी पट मांडून त्याची वाट बघत बसलो, फोन उचलत नाही म्हणून त्याला शिव्या घालत. रविवारी शेजारणीने सांगितलं, तोवर सगळं उरकलं होतं.

तुला जाब विचारला तर "तुला धक्का बसला असता रे," म्हणे! मी आंधळा आहे, कुक्कुलं बाळ नाही. मी तुझे डोळे मागितले होते, तुझी अक्कल नाही.

हे पत्र ब्रेलमध्ये लिहिलंय. तीस वर्षांत तुला ते शिकावंसं वाटलं नाही. पाठवलं तर कुणाकडून तरी वाचून घेशील, आणि तोही तुझ्या भल्यासाठी नेमकं हेच गाळेल. म्हणून पाठवत नाही.

गुरुवारी पुन्हा तुलाच ऐकणारा,
तुझा धाकटा भाऊ