उजव्या दिव्याचा बल्ब

नाना, काल मी महाडला गाडीचे बल्ब घ्यायला गेले आणि ज्या दुकानाची पायरी तुम्ही पुन्हा चढला नाहीत, त्याच दुकानात गेले. रागावू नका. आधी स्टँडजवळच्या नव्या दुकानात विचारलं होतं. तिथल्या माणसाने पांढऱ्या एलईडीचा डबा पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, हे घ्या, दिवसासारखा उजेड पडतो." मी म्हटलं, माझी शाळा पोलादपूरच्या वर घाटात आहे, पावसाळ्यात भर दुपारी धुकं असतं. तो म्हणाला, "मग तर हेच घ्या." हा माणूस धुक्यात कधी घाट चढलेला नाही हे मला तिथंच कळलं. धुक्यावर पांढरा उजेड मारला की समोर भिंत उभी राहते, हे मी तुमच्या शेजारी बसून पाहिलेलं आहे. आषाढ लागला की तुम्ही जीपच्या दोन्ही दिव्यांवर पिवळा जिलेटिनचा कागद चिकटवायचात आणि दसऱ्याला गाडी धुताना काढायचात. कागद कापायला माझी शिवणाची कात्री न्यायचात आणि बोथट करून आणायचात. मी कुरकुरले की म्हणायचात, "कात्री बोथट झाली तर झाली गो, गाडी दरीत नाय गेली ना." तो डबा मी परत केला आणि पाय आपोआप बाजारपेठेतल्या जुन्या दुकानाकडे वळले.

तुमची आणि त्या दुकानाच्या शेठकाकांची दोस्ती पोलादपूर-महाड फेरीतल्या सगळ्या जीपवाल्यांना ठाऊक होती. सकाळची पहिली फेरी महाडला रिकामी झाली की तुम्ही त्यांच्या काउंटरवर कोपर टेकून चहा घ्यायचात. "शेठ, तुझ्या दुकानात गिऱ्हाईक कमी नि माश्या जास्त," असं तुम्ही म्हणायचात. "तू येण्याआधी एक पण नव्हती," असं ते म्हणायचे. शिमग्याला ते आपल्याकडे जेवायला येत आणि आई त्यांना भावोजी म्हणे. हॅलोजनचे बल्ब नवीन आले तेव्हा ते तुम्हाला त्यांनीच दिले. देताना दोनदा बजावलं होतं, काचेला बोट लावायचं नाही, तेलकट डाग तापून बल्ब जातो, फडक्यात धरायचा.

दिव्यामागच्या जागेत तुमचा पंजा शिरत नसे, म्हणून बल्ब बसवायचं काम माझं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, नुकतंच डोक्याला तेल लावून वेणी घातली आहे, आणि तुम्ही अंगणातून हाक मारता, "ये गो, तुझा हात जातोय." तुम्ही तुमचा रुमाल देता, शेठकाकांनी सांगितलेलंही सांगता. डावा बल्ब नीट बसतो. उजव्याची क्लिप काही केल्या लागत नाही, बल्ब रुमालातून निसटतो आणि मी दुसऱ्या हाताने त्याला काचेवरच पकडते. खोबरेल तेलाचा हात. बल्ब काढून पुसायला हवा होता. पण कॉलेजची वेळ झालेली होती. तुम्ही विचारलंत, "बसला काय?" मी म्हटलं, बसला.

चौथ्या दिवशी दुपारी, बाजार करून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर परतणारी माणसं घेऊन तुम्ही घाट चढत असताना तो बल्ब गेला. डावा दिवा तेवढा चालू राहिला. एका दिव्याची गाडी धुक्यात मोटरसायकलच वाटते. समोरच्या ट्रकलाही तसंच वाटलं आणि मोटरसायकलला लागते तेवढीच जागा सोडून तो पुढे आला. तुम्ही जीप डोंगराच्या बाजूला गटारात घातलीत म्हणून सगळे वाचले, पण मागे बसलेल्या एका आजींचा हात मनगटात मोडला. त्यांचं प्लास्टर निघेपर्यंत तुम्ही दर आठवड्याला केळी घेऊन त्यांच्या वाडीवर जात होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्याची जीप मागून आणलीत, जळालेला बल्ब रुमालात बांधला आणि महाडला आलात. मला कॉलेजला सोडायचं होतं, म्हणून मी पुढच्या सीटवर होते. दुकानाच्या दारातच गाडी उभी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. शेठकाका म्हणाले, "आधी काच उजेडात धरून बघ." तुम्ही पाठमोरे होतात. काय बघितलंत ते मला दिसलं नाही. मग गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणालात, "तुझा माल खोटा हाय. आजपासून तुझी माझी ओळख नाय." सीटवरून उतरून दोन पायऱ्या चढायच्या होत्या. मी मांडीवरची वही घट्ट धरून बसून राहिले.

त्यानंतर तुम्ही बल्ब आणायला माणगावला जाऊ लागलात. आई म्हणायची, "बल्बासाठी माणगाव, मग मिठासाठी मुंबईला जा." तुम्ही हसायचात, पण जायचातच. शिमग्याला जेवायला बसलो की एक पाट रिकामा वाटायचा. दरवर्षी ठरवायचे, या वर्षी सांगायचं. तुम्ही गेलात त्या दिवशी शेठकाका आले होते. अंगणात नाही आले, रस्त्याच्या पलीकडे चपला काढून उभे राहिले.

आता ते खूप थकलेत. पुराचं पाणी दुकानात शिरल्यापासून त्यांनी छातीच्या खाली काही ठेवायचं बंद केलंय, त्यामुळे प्रत्येक खोका काढायला स्टुलावर चढतात. मला पाहून चष्मा वर केला. "पोलादपूरची ना गो तू? जीपवाल्याची?" मी हो म्हटलं आणि बल्ब मागितले. कुठं चालवतेस, हे त्यांनी आधी विचारलं. मग पिवळसर उजेडाचे साधे हॅलोजन काढले. "शंभर वॅटचा कोण सांगंल तर घेऊ नको, होल्डर वितळतो. आणि एक गेला असला तरी जोडीच बदल." खोका पुढे सरकवताना ते म्हणाले, "काचेला बोट..." आणि थांबले.

मी म्हटलं, "काका, तो बल्ब माझ्या हातून गेला होता. तुमचा माल चांगला होता." इतक्या वर्षांचं वाक्य, पण बोलायला क्षणही लागला नाही.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "काचेवर बोटाचा डाग जळून बसला होता. एवढासा. तुझ्या बापाचं बोट म्हणजे जाडजूड राजेळी केळं."

"मग तुम्ही नानांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? म्हटलं ना त्याला, काच उजेडात धर. धरली त्यानं. बघितला डाग. मग परत रुमालात बांधला नि मला शिव्या घातल्या." ते काउंटरवर खोका उगाच सरळ करत राहिले. "दुकानात चार माणसं हुती. आजीचा हात मोडलेला. पोरीचं नाव कसं घेणार तो? मग माझं घेतलंन."

नाना, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पायऱ्या उतरून तुम्ही गाडीत बसलात आणि मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलंत. मी उतरताना म्हणालात, "डबा घेतलास काय?" त्यानंतरही उजवा-डावा कुठलाही बल्ब गेला की हाक मलाच मारत राहिलात. मी मात्र दर शिमग्याला सांगायचं ठरवत राहिले, आणि तुम्ही माझ्यासमोर जेवत होतात. एकदा तरी तुम्ही विचारायला हवं होतं. की मी सांगायची तुम्ही वाट पाहत होतात, हे आता कोणाला विचारू?

निघताना शेठकाकांनी मला थांबवलं. नजर खोक्यावर ठेवून विचारलं, "शेवटी शेवटी माझ्याबद्दल काय बोलला काय गो तो?"

मी म्हटलं, "हो. म्हणायचे, एकदा महाडला शेठकडे जाऊन चहा घेतला पाहिजे."

त्यांनी खोका बाजूला सारून काउंटरवर जागा केली. मग समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि मला स्टूल दिलं. आम्ही चहा घेतला.

हा कागद मी कोणाला वाचायला देणार नाही. तुम्ही तसं काही कधी म्हणाला नव्हतात, नाना. ते मी तुमच्या तोंडी घातलं.