स्नोमोबाइल एकट्याने उचलण्याचं यंत्र

१२ फेब्रुवारी
मेहुणा एर्की सकाळी त्याची स्नोमोबाइल कशीबशी चालवत घेऊन आला. खालचा पट्टा अडकतोय. डोंगरावर त्याचे चाळीस रेनडिअर. परवाच्या अवकाळी पावसाने बर्फावर कडक थर धरलाय, खुरांनी खालचा चारा उकरता येत नाही. रोज वर गवत पोचवायला हवं. म्हणाला, दाजी, दोघं मिळून गाडी आडवी पाडू, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, गेल्या वर्षी अशीच पाडताना पायावर घेतलीस, विसरलास? सुरक्षितता म्हणून काही असते की नाही? दोन दिवस दे. यंत्र डोक्यात तयार आहे.

१३ फेब्रुवारी
दोर गुंडाळून बोट ओढायची विंच, जुन्या पलंगाचं लोखंड, शेडची मधली तुळई. बायकोने, म्हणजे इर्मेलीने, विचारलं की पलंग जुना कधी झाला? संशोधकाने घरात वाद घालू नये.

१४ फेब्रुवारी, दुपार
उचलली! एकट्याने! डोक्याच्याही वर!

त्याच दिवशी, संध्याकाळ
खाली येत नाही. विंचचा दात अडकलाय. सोडवायला गाडीखाली उभं राहावं लागतं, आणि खाली उभं राहू नये हा यंत्राचा पहिला नियम. मीच लिहून भिंतीवर लावलाय.

१६ फेब्रुवारी
एर्की बराच वेळ मान वर करून बघत राहिला. म्हणाला, दाजी, दुरुस्तीला दिली होती, टांगायला नाही. मी म्हटलं, पट्टा किती स्वच्छ दिसतोय बघ. हात पोचत नाही, ही किरकोळ बाब. गावातल्या बाकी गाड्या ज्याच्या त्याच्या कळपामागे वर गेल्यात. एर्की स्की बांधून, गवताची घसरगाडी स्वतः ओढत गेला.
इर्मेली म्हणाली, शेजारच्या चौघांना हाक मारते, खांद्यावर घेऊन उतरवतील. सक्त मनाई केली. चार माणसं लागली तर एकट्याचं यंत्र कसलं?

१९ फेब्रुवारी
उणे एकतीस. विंच गोठली. तेल ओतलं, तेही गोठलं. इर्मेली आता भावाबरोबर गवत ओढायला जाते. माझं जेवण डब्यातले मासे. पेटंटचं चित्र काढायला घेतलं. गाडी उतरवायचा भाग तूर्त कोरा.

२२ फेब्रुवारी
तुळई वाकल्यासारखी वाटते. डोळे थकले असणार.

२३ फेब्रुवारी
गाडी खाली आली. तुळईसकट, आणि निम्म्या छपरासकट. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, म्हणजे सुरक्षितता सिद्ध झाली. गाडीचे मात्र दोन तुकडे. एर्की काय काय बोलेल ते आधीच ओळखून उत्तरं काढून ठेवली. पाऊस, थंडी, विंचवाल्याची फसवणूक.

२४ फेब्रुवारी
गवत पुरेना, म्हणून एर्कीने कळपच खाली आमच्या अंगणात आणला. अडतीस आले. दोन गाभण माद्या वाटेत बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांतली पांढऱ्या नाकाची माझ्या हातून भाकरी खायची. फार वाईट वाटलं.
एर्की स्वयंपाकघरात बसला, कॉफी प्यायला, कप धुऊन ठेवला. इर्मेलीला येतो म्हणाला. माझ्याशी एक शब्द नाही.
शिव्या दिल्या असत्या तर माझी उत्तरं तयार होती.