पंगतीत न बसणारे आप्पा

आप्पा, दिवाळीनंतर माझीही पित्ताची पिशवी काढली. इथं शिरूरलाच. तुमच्या उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण होता; मला चार बारीक भोकं पाडली आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. खडे बाटलीत घालून दिले होते, ते मी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, कमी तेलाचं खा, थोडं थोडं खा, वेळेवर खा. पण जखम दुखायची थांबली म्हणून माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे. तिसऱ्या आठवड्यात कारखान्यातल्या एकाच्या गावची जत्रा झाली. त्यानं मटणाचा डबा आणला, वर बोटभर तर्री, आणि मी दोन वाट्या रस्सा ओरपला. पुढचं काय सांगावं. शिफ्ट संपेपर्यंत कामावर कमी आणि संडासात जास्त होतो. घरी आलो तर तुमच्या सुनेनं मीठसाखरेचं पाणी हातात दिलं आणि म्हणाली, "आप्पांनी कवा असं केलं व्हतं का? त्यांचं बघून तरी शिकायचं." मी चिडलो, पण पाणी प्यायलो. तेव्हापासून तुम्ही जेवायच्या वेळी रोज आठवता, आणि तुम्हाला सांगायची राहून गेलेली एक गोष्टही आठवते.

तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नववीत होतो. आपण दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि तुम्ही यार्डात हातोडी घेऊन गाड्यांची चाकं तपासायचात. रजा संपवून कामावर गेलात ते खांद्याला कापडी पिशवी अडकवून. तिच्यात एका मोठ्या डब्याऐवजी छोट्या छोट्या डब्या. एकीत मऊ भात नि मुगाचं वरण, एकीत अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी, एकीत पिकलं केळं, शिवाय बाटलीत लोणी काढलेलं ताक. मी शाळेतून येताना यार्डाच्या कुंपणापाशी थांबतो. तुम्ही चाकावर हातोडी मारता, कान देता, पुढच्या चाकाकडे जाता. मग घड्याळ बघता, नळावर हात धुता आणि एक डबी उघडून सावकाश चावून खाता. सोबतचे हसतात. "लेकराला भरवल्यावानी खातुया गडी." तुम्हाला राग येत नाही. "टाकी काढलीया, पर नळ चालूच हाय," तुम्ही त्यांना समजावता. "पित्त थोडं थोडं गळत ऱ्हातंय. तेवढ्यात भागंल एवढंच खायचं. एकदम ढीग टाकला तर त्ये बिचारं काय करंल?" माझ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून हेच सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना.

आईला मात्र तुम्ही वाळत चाललाय असं वाटायचं. ताकद यावी म्हणून ती तुमच्या वरणात गुपचूप तूप सोडायची. दोन दिवस तुमचं पोट बिघडलं, तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. मला वाटलं, आता आवाज चढणार. तुम्ही म्हणालात, "मायेनं घातलंस, ठावं हाय मला. पर आता चमच्यानं मोजून घाल, आन् मला सांगून घाल." त्यानंतर ते तुमचं एक शास्त्रच झालं. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही चमचाभर, मग दोन दिवस वाट बघायची. सोसला तर पुढं जायचं, नाही सोसला तर महिनाभर त्याचं नाव काढायचं नाही. असं करत करत वर्षभरात तुम्ही शेंगदाण्याच्या चटणीपर्यंत येऊन पोचलात. तळलेलं आणि तर्रीचं तेवढं शेवटपर्यंत जमलं नाही. सगळ्यांचं तसं होत नाही म्हणे, तुमचं झालं. मला एवढी चिकाटी नाही, आप्पा. मी भजी बघितली की माझं शास्त्र संपतं.

खरा पेच गावाकडं होता. घोड नदीच्या काठच्या आपल्या भावकीत पंगतीला बसून नको म्हणणं म्हणजे यजमानाचं नाक कापणं. पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून बुंदी सोडणारे चुलते होते आपले. ऑपरेशनचं सांगितलं तर उत्तर तयार, "त्याला दोन वर्षं झाली की. एवढ्यानं काय हुतंय?" तुम्ही कधी वाद घातला नाहीत. गेल्या गेल्या बाह्या सारायच्या, आमटीची बादली उचलायची आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत राहायचं. वाढणाऱ्याला कोण आग्रह करणार? नंतर आचाऱ्याच्या शेजारी बसून भात-ताक खायचं. आणि वाढायचात तरी कसं! कुणाला दात नाहीत, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचं पोर रस्सा सांडणार, सगळं ध्यानात. लोक मुद्दाम तुम्हाला बोलावणं पाठवायला लागले. पोटाचं गाऱ्हाणं न सांगता तुम्ही पोटही सांभाळलंत आणि माणसंही. गेल्या महिन्यात एका लग्नात मी तुमची युक्ती करून बघितली. दुसऱ्याच पंगतीला कंबर धरली.

आता ती गोष्ट. माझं लग्न शिरूरच्या कार्यालयात होतं. मी नवा नवा सुपरवायझर, सासरची मंडळी बागायतदार, डोक्यात हवा. तुम्ही सवयीनं बादलीकडं निघालात आणि मी आडवा आलो. "आप्पा, आज तरी वाढप्यागत फिरू नका. नवरदेवाचे वडील हाय तुम्ही. व्याह्यांच्या शेजारी बसा, माझी लाज राखा." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "बरं," म्हणालात आणि बाह्या खाली घेतल्या. व्याह्यांनी स्वतः उभं राहून आग्रह केला. मासवडी, रस्सा, जिलेबी, वर तुपाची धार. मुलाच्या लग्नात व्याह्यांचा हात अडवायचा नाही, म्हणून तुम्ही सगळं खाल्लंत. तीन दिवस अंथरुणात होतात. पूजेलाही उठला नाहीत. "उन्हाचं झालं आसंल," एवढंच म्हणालात, आणि माझं नाव कुणापुढं काढलं नाहीत.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या लग्नाचा विषय निघाला की मी आजवर सगळ्यांना, आईलासुद्धा, एकच सांगत आलो, की तुम्हाला त्रास झालेला मला तेव्हा कळलाच नाही, नवरदेवाला कुठलं भान असतं. तसं नव्हतं, आप्पा. तुम्ही हात धुवायला म्हणून उठलात आणि कार्यालयाच्या मागं भिंत धरून वाकलात, ते मला स्टेजवरून खिडकीतून स्वच्छ दिसलं होतं. फोटोवाला म्हणाला, "नवरदेव, इकडं बघा." आणि मी कॅमेऱ्याकडं बघितलं.