पियानोवरचं लाल फूल

अल कुसैस,
दुबई, ७ मार्च २००९

चि. विलास यास छायाताईचे अ. आ.

आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिला, खरं तर कान उपटायचे आहेत. सख्ख्या बहिणीला हॉटेलातला तुमचा शो बघायला अबू धाबीला बोलावतोस आणि आधी एक शब्द सांगत नाहीस? तू व्हायोलिन घेऊन, ते भाता ओढणारे चौघे, सगळे जागच्या जागी. पियानो मात्र बंद, स्टूल रिकामं, झाकणावर एक लाल फूल. मी काय समजायचं? मला वाटलं तुमचे पियानोवाले एर्नेस्तोबाबा गेले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तुझ्या खोलीवर पिठलं-भात केला आणि खाली त्यांच्या बायकोला, मार्ताला नेऊन दिला. गळ्यात पडून रडले. तर ती किंचाळली, की तो मेला नाही, जेलमध्ये आहे. मजल्यावरची सगळी दारं उघडली.

या विषयावर फोनवर बोलायचं नाही म्हणालास, म्हणून लिहिते. शेजारच्या हमीदाचा नवरा रोज गाडी घेऊन तुमच्याजवळच्या मुसफ्फाला जातो, तो चिठ्ठी देईल. इथे यांच्या ऑफिसात रोज कुणाची तरी नोकरी खलास होतेय, त्यात तुझं हे. फुलाचा अर्थ चौथी शिकलेलीला कळेल असा लिही.

तुझी ताई

मोहम्मद बिन झायद सिटी,
अबू धाबी, १० मार्च २००९

ती. ताईस विलासचा शि. सा. न. वि. वि.

पिठलं मार्तानं खाल्लं. तिखटानं डोळ्यांना धार लागली, म्हणाली हे रडणं बरं. सांगायला हवं होतं, चुकलो.

हॉटेलनं पगार थांबवले, एर्नेस्तोबाबांचा बँकेचा हप्ता चुकला, आणि त्यांना पोलिसांनी उचललं; इथे कर्ज थकलं की जेल. फुलाचं असं आहे. चाळीसच्या दशकात अर्जेंटिनात, बुएनोस आयर्समध्ये टँगो नाचाचे मोठमोठे वाद्यवृंद होते. कुणाचा ठेका बसलेल्याला उठवणारा, कुणाची व्हायोलिनं रेशमासारखी. बाबांचे वडील तशाच एका वृंदात बँडोनियन, म्हणजे तुझा तो भाता, वाजवायचे. पुग्लिएसे नावाच्या पियानोवादकाला त्याच्या राजकीय मतांसाठी तुरुंगात टाकायचे, तेव्हा साथीदार त्याच्याशिवाय वाजवायचे आणि पियानोवर लाल फूल ठेवायचे. न बोलता लोकांना कळायचं. बाबांनी आम्हाला आधी हे सांगितलं, मग सूर शिकवले.

मॅनेजरला मी सजावट म्हणून सांगितलं होतं. आता मार्ताच्या त्या किंचाळण्यानंतर बिल्डिंगमधून खरं कळलंय त्याला. येत्या १९ तारखेला, गुरुवारी, मोठे पाहुणे येणार आहेत. फूल दिसलं तर ठेवणाऱ्याला पोलिसांकडे देईन म्हणाला. ठेवणारा मी आहे. भिऊ नकोस असं लिहिणार होतो, पण मीच भ्यालोय.

आशीर्वाद असू दे.
विलास

अल कुसैस,
१४ मार्च २००९

चि. विलास यास अ. आ.

भ्यालोय म्हणतोस आणि फूल ठेवणार नाही असं काही लिहीत नाहीस! त्या थोर पुग्लिएसेचा देश त्याचा होता, समोर बसलेले लोक त्याचे होते. तुझं इथे कोण आहे? एक बहीण, तीही नवऱ्याच्या व्हिसावर. हे म्हणतात, त्याला सांग, यल्ला, चल, तिकीट काढ आणि गप घरी जा.

मार्ता बॅग घेऊन माझ्याकडे आली आहे. तिथला वॉचमन नवरा कुठे म्हणून सारखं विचारायला लागला होता. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की आम्ही दोघी हातातलं काम टाकून दाराकडे बघत बसतो. काल मी लेकीकडून, अस्मीकडून तिला इंग्रजीत सांगवलं, की मी भावाला फूल काढायला लावणार. मला वाटलं भांडेल. नाही भांडली. म्हणाली, भेटायला गेलं की तो आधी फुलाचंच विचारतो. नसलं तरी होतं म्हणून सांगेन. तुझ्यासाठी ती नवऱ्याशी खोटं बोलायला निघाली आहे, विलास. 

म्हणून ठेव म्हणत नाही, नको म्हणत नाही. ठेवणार असशील तर मी गुरुवारी येऊन अगदी समोर बसणार. तुला नेलं तर कुठल्या गाडीतून नेलं ते तरी दिसेल. इथे लिफ्टचा आवाज ऐकत बसणं मला जमायचं नाही. यांना अजून सांगितलेलं नाही.

माया आहे तशी राहू दे, पण बुधवारी संध्याकाळी हमीदाच्या नवऱ्याच्या हाती उत्तर दे. ठेवणार की नाही, एवढंच लिही.

तुझी ताई