मोमिनाची विहीर

पौष शुद्ध तृतीया, मंगळवार

पाणंदीवर शेतांच्या नावांच्या पाट्या लागणार आहेत आणि आमच्या शेताचं नाव उद्या सकाळी पेंटरला सांगायचं आहे. धाकटा भाऊ शिवा म्हणतो, "दादा, जमीन आपली हाय. आबाचं नाव टाक." वडिलांचं नाव पाटीवर असावं असं मलाही वाटतं. का वाटू नये? पण त्या शेताला सगळं गाव मोमिनाची विहीर म्हणतं.

दुपारी बिलोलीला रशीदचाचा मोमिनांकडे गेलो. ती विहीर त्यांच्या आजोबांनी खोदलेली. जमीन आमच्याकडे आली ती नंतर. शिलाई मशीनवरून मान न उचलता चाचा म्हणाले, "टाक की आबाचं. लई भला माणूस. आमच्या नावानं पाणी थोडंच गोड होतंय?" आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

परतताना एस.टी.त आठवलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, पिकावर आंबील शिंपताना आबा प्रत्येक शेताला त्याच्या नावानं हाक मारायचे. या शेतात हाक असायची, "मोमिनाच्या विहिरी, भरभरून दे गं माय!" जन्मभर हीच हाक. स्वतःचं नाव त्यांनी तिथं कधी घेतलं नाही. मग मी कोण घालणारा?

शिवाला हे सांगितलं.  तो म्हणाला, "परवा येळवशीला हाक तर मीच मारली की, दादा. तीच."

सकाळी पेंटरकडे तोच जाणार आहे. देवा, तुझी कृपा.