पाव वळण

१४ ऑक्टोबर, सकाळ
मैदानामागची सामानाची खोली

ती. बाबा आणि ताई,

दोघांना नमस्कार. मी मजेत आहे. अंगावर मांस चढलेलं नाही, पण हाडं सगळी जागेवर आहेत. ताई, हे पत्र नेहमीसारखं शेडमध्येच वाच, लेथ बंद करून, मोठ्याने. बाबांना भुशाच्या वासात बातम्या ऐकायला बऱ्या वाटतात.

बाबा, मागच्या पत्राखाली तुम्ही आपल्या बॅटींबद्दल स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिलीत, "एखादी मोडली का?" तिचं उत्तर देतोच. त्याआधी एक गंमत.

आमच्या बेसबॉल संघाला नवे मास्तर मिळालेत. पिचर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या लोकांना फेकायला शिकवणं हे त्यांचं काम, पण समोर कोणीही सापडला तरी शिकवतात. परवा नाश्त्याच्या वेळी मी सापडलो. मला नळापाशी उभं केलं, हातात चमचा दिला.

"सैल धर, दोन बोटांत. आता चमच्याची पाठ धारेला लाव."

मला वाटलं, पाणी चमच्याला ढकलून देईल. उलट चमचाच धारेत ओढला गेला.

"काय झालं, सामानवाल्या?"

"चमचा बिघडलाय."

"तुझं डोकं बिघडलंय. पाणी पाठीला चिकटून तिकडे वळलं, म्हणून चमचा इकडे आला. हवासुद्धा चेंडूला अशीच चिकटते."

मग त्यांनी फळ घेऊन दाखवलं (ते नंतर मी खाल्लं). वळणारा चेंडू सोडताना पिचर बोटं वरून पुढे ओढतो, त्यामुळे चेंडू पुढच्या पुढे लोळल्यासारखा गरगरत जातो. चेंडूची शिवण हवेला धरून मागे वर भिरकावते, आणि हवा त्याचा बदला घेते, चेंडूला खाली दाबते. इतकंच. शाळेत कुणी असा चमचा दिला असता तर मी कदाचित दोन वर्षं जास्त टिकलो असतो. ताई हसेल. हस.

आमचा जाड्या, संघात सगळ्यात लांब मारणारा, तो काही ऐकेना. म्हणे, "मास्तर, मी रोज समोर उभा असतो. चेंडू शेवटी एकदम पडतो, टेबलाच्या कडेवरून पडावा तसा."

मास्तर म्हणाले, "काही एकदम पडत नाही. हातातून सुटल्यापासून तो वळतच असतो. तुला उशिरा दिसतं. आणि शेवटच्या टप्प्यात तर चेंडू तुला दिसतच नाही, डोळे तेवढे फिरतच नाहीत. तो जिथे असायला हवा तिथे तू सवयीने मारतोस."

"म्हणजे मी आंधळेपणाने मारतो?"

"हो. आणि त्याचा पगार घेतोस."

सगळे इतके हसले की जाड्याने दोन उकडलेली अंडी रागाने सोडून दिली. तीही मीच खाल्ली.

बाकी ठीक. मागच्या गावी हॉटेलात आग लागल्याचा भोंगा वाजला आणि अख्खा संघ चड्डीवर रस्त्यात. आग नव्हती. व्यवस्थापक अजून कारण शोधतोय.

बॅटी छान वाजतात, बाबा. तुम्ही म्हणता ना, बरोबर जागी लागला की हाताला काही कळत नाही, नुसता आवाज येतो. तसा आवाज येतो.

ताई, इथे थांब. पत्र संपलं म्हणून सांग आणि लेथ सुरू करून दे. पुढचं बाहेर जाऊन मनात वाच.

*

आवाज येतो, हे खोटं नाही. पण रोज येत नाही.

आंधळेपणाचा तो विनोद मी लिहून गेलो आणि मग हात थांबला. खोडला असता तर जास्त दिसला असता. तू आत्तापर्यंत वाचूनही टाकला असशील. बाबा हसले का?

तुला माहीत असलेलंच लिहितो, म्हणजे माझं डोकं ताळ्यावर येईल. आपलं लाकूड बंद पुस्तकासारखं. पानांच्या कडांवर फटका बसला तर सोसतं, पुठ्ठ्यावर बसला तर पानं सुटतात. म्हणून बाबा लाकडाच्या रेषा बघून पुठ्ठ्याच्या बाजूला ठसा डागतात. बॅटवाला ती खूण आभाळाकडे करून धरतो आणि चेंडू आपोआप कडेवर बसतो. बॅटवाल्याला रेषा वाचता येत नाहीत, त्याला गरजही नाही. तो बाबांच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

या मोसमात खूण सरकली आहे. पाव वळण. सगळ्या बॅटींवर नाही, आठात तीन-चार. कातकाम पहिल्यासारखंच, मूठ तशीच, वजन तसंच, कारण ते हाताचं काम. रेषा मात्र डोळ्यांचं काम. म्हणजे बाबाही आता रेषा जिथे असायला हवी तिथे डागतात. सवयीने.

दोन-तीन चिरल्यावर पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी कुणाला बोललो नाही. पेटी आली की आधी मी उघडायची, चुकीची खूण घासून काढायची आणि तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने योग्य बाजूला नवी डागायची. हॉटेलातला भोंगा त्याच्याच धुराने वाजला. अंघोळीच्या खोलीत दार लावून बाबांची खूण गिरवत बसलो होतो. ताई, ती खूण उमटवायला सोपी वाटते, पण तिचा तो शेवटचा बाक मला एकदाही जमला नाही.

गेल्या आठवड्यात मी पेटीपाशी पोचायच्या आधी जाड्याने एक बॅट उचलली. सराव चालला होता. चेंडू फेकत होता आमचा आजोबा. तो आजोबा नाही, पस्तिशीचा आहे, पण पिचरांत सगळ्यात जुना म्हणून नाव पडलं. माझ्यासाठी बसमध्ये खिडकी राखून ठेवायचा, म्हणायचा, "तुझ्या पायाला भिंगरी, निदान डोळ्यांना तरी बाहेर सोड." बॅट उभी चिरली आणि पुढचा अर्धा तुकडा भिरभिरत त्याच्याकडे गेला. तो चेंडूकडे बघत होता. त्याने तोंड वाचवायला हात पुढे केला. उजवा.

दोन बोटांच्या शिरा तुटल्या. डॉक्टर म्हणाले, मूठ वळेल, पेन धरता येईल. मास्तर बाहेरच्या बाकावर कितीतरी वेळ आपलीच दोन बोटं हवेत वरून पुढे ओढत बसले होते. चेंडूला फिरकी देतात ती हीच दोन.

व्यवस्थापक म्हणाला, "लाकूड सडकं. या काताऱ्याचा माल पुन्हा घ्यायचा नाही." मी तिथेच उभा होतो, हातात झाडू. लाकूड सडकं नाही, एवढं तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर पुढचं वाक्य बाबांबद्दलचं असतं.

आजोबाला मात्र मी काल सांगितलं. सगळं. त्याने हातावरच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाला, "म्हाताऱ्याला माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "नक्की?"

तेव्हापासून तुझी पत्रं काढून बसलोय. बाबांची ओळ दर खेपेला तुझ्या अक्षरांवर चढत गेली आहे, शेवटची तर तुझ्या सहीवरून गेली आहे. आणि तीन पत्रांत एकच प्रश्न. मला वाटत होतं, मालाची चौकशी करतायत. ताई, खुणेपायी ज्यांची बॅट आयुष्यात कधी मोडली नाही, ते असं का विचारतील? त्यांना शंका आली आहे. बॅटी मोडतात का, हे सांगू शकणारा त्यांच्या ओळखीचा एकच माणूस आहे, आणि तो त्यांना चमच्याच्या गोष्टी लिहितो.

तू दर पत्रात "बाबा ठीक" लिहितेस. मी तुला दोष देत नाही. मी पण तेच करत होतो, फक्त स्क्रूड्रायव्हर घेऊन.

आता आत जा. लेथ बंद कर. मागच्या पानावर थोडं राहिलं होतं म्हणून सांग, आणि मोठ्याने वाच. थांबू नकोस.

*

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, एखादी मोडली का.

मोडली, बाबा. आणखी दोन-तीन चिरल्या. लाकूड चांगलं होतं, कातकामात खोट नव्हती. खूण पाव वळण चुकली होती. एकाचा हात गेला आहे. तो तुमच्यावर रागावलेला नाही, पण तो पुन्हा फेकणार नाही. संघ आपल्या बॅटी घेणार नाही.

हे तुमच्या हाताला लागेल. बरोबर जागी लागलेला हा फटका नव्हे. मला दुसऱ्या कुठल्या जागी मारता आलं नाही.

मी रविवारच्या बसने निघतो. आल्यावर मला हाकला, शिव्या द्या, बोलू नका, काय वाटेल ते करा. लेथ तुमचाच आहे. रेषा मला बघता येतात, तुम्हीच शिकवल्यात.

तोवर ठसा तापवू नका.

तुमचा,
उत्तर द्यायला तीन पत्रं उशीर केलेला
धाकटा